अक्कांची गाडी विकताना



मागच्या वेळी आपण शेळीच्या विम्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, पुढच्या वेळी काय?" पुढच्या वेळी गाडी, असं सांगितलं तर एक जण हसलीच. म्हणाली, "आमच्या घरात गाडी आहे, पण तिची किल्ली कुठल्या खिळ्याला असते तेही मला माहीत नाही." म्हणूनच आज गाडीबद्दल बोलायचं आहे. चालवण्याबद्दल नाही, विकण्याबद्दल.

आमच्या गटातल्या एक सभासद आहेत. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणतो, इथंही तेच नाव चालेल. अक्कांची परवानगी घेऊनच बोलतो आहोत. त्यांनी अट एकच घातली, "माझं सांगा, पण माझ्या माणसाला वाईट म्हणू नका." तसं म्हणण्यासारखं काही नाहीच.

दाजी, म्हणजे अक्कांचे मालक, मेकॅनिक होते. पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाट उतरून आलं की सुरूरच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं. घाटात गाड्या बंद पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. आता आमच्या वाईकडं शूटिंग खूप होतात. 'गंगाजल', 'स्वदेस', 'दबंग' हे सगळे सिनेमे इकडचे. शूटिंगबरोबर व्हॅनिटी व्हॅन येतात, म्हणजे नटनट्यांची चाकावरची खोली. आत पलंग, बेसिन, संडास, आणि एक मोठा आरसा, चारी बाजूंनी दिवे लावलेला. अशीच एक जुनी व्हॅन, स्वराज माझदाच्या बसच्या चासीवरची, १९९४ ची, दाजींनी २०१६ साली मुंबईच्या एका माणसाकडून घेतली. नंबर मुंबईचाच राहिला, पण कागदावर नाव दाजींचं लागलं. शूटिंगवाल्यांना भाड्यानं देऊ असा बेत होता. पण नव्या एसी व्हॅन आल्यावर या म्हातारीला कोण विचारतो?

मग २०२० चा लॉकडाऊन लागला. गॅरेज बंद, हातात वेळ, आणि दाजींचे हात गप्प बसणारे नव्हते. त्यांनी गॅस कटर घेतला आणि व्हॅनचा मागचा भाग कापून काढला. पुढं केबिनला लागून पाच फुटांची खोली तशीच ठेवली, आरशासकट. मागं लोखंडी पट्ट्यांचा सपाट माळा केला, खाली सोडायची उतरंड बसवली, पुढच्या बाजूला विंच, म्हणजे मोटरवर फिरणारा दोर ओढायचा रहाट. घाटात बंद पडलेली मारुती या दोरानं ओढून वर घ्यायची आणि गॅरेजला आणायची. पोरं या गाडीला 'हिरॉईन' म्हणायची. पावसात रात्री अडकलेल्या माणसांना दाजी त्या छोट्या खोलीत बसवायचे, चहा द्यायचे. एकदा एक बाळंतीण पण बसवून आणली होती, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

या कामासाठी अक्कांनी गटातून ४०,००० रुपये कर्ज घेतलं. आम्हीच मंजूर केलं. इतिवृत्तात कारण लिहिलं, 'व्यवसायासाठी वाहनात सुधारणा'. ते लिहिताना आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही की अशी सुधारणा कायद्याला चालते का. आम्ही, म्हणजे ही बोलणारी बीए झालेली समन्वयकसुद्धा.

२०२३ च्या ऑक्टोबरात दाजी गेले. छातीत कळ आली आणि संपलं. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि हिरॉईन गॅरेजच्या मागं लिंबाखाली उभी राहिली. दोन पावसाळे गेले. टायर बसले, माळ्यावर कोंबड्या बसायला लागल्या. अक्कांचे हप्ते थांबले, २८,००० रुपये राहिले. गटात कुजबूज सुरू झाली. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, तुमच्याही गटात तेच बोललं जातं.

मग एक एजंट आला. गाडी फिरून बघितली आणि म्हणाला, "रोख एक लाख. आज सह्या करा, उद्या गाडी उचलतो." एक लाख! गटाचे पैसे फिटून वर ७२,००० राहणार होते. त्यानं टीटीओचे फॉर्म काढले. टीटीओ म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म, २९ आणि ३० नंबरचे. सगळ्या जागा रिकाम्या. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही. आणि विकणाऱ्याच्या सहीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथं दादांची सही तुम्हीच मारा. आरसीवर आहे तशी. मागची तारीख टाकतो. कोण बघतंय?"

त्या आठवड्याच्या बैठकीत हा विषय निघाला. आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं. आम्ही अक्कांना म्हणालो, "करून टाका सही." सगळ्याच म्हणालो. कुणी म्हणालं गाडी गंजते आहे, कुणी म्हणालं उद्या पन्नास हजारपण येणार नाहीत. आमच्या डोक्यात अक्का नव्हत्या, २८,००० होते. बँकेचा अधिकारी त्या महिन्यात येणार होता आणि आम्हाला थकबाकीचा रकाना कोरा दाखवायचा होता.

अक्का बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी सही या गटात शिकले. आधी अंगठा होता. तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलंत. माझं नाव मी लिहीन, म्हणाल तिथं लिहीन. त्यांचं नाव मी कसं लिहू?"

बैठकीत कुणी काही बोललं नाही. विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला, आणि त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा गाडीचे कागद बघितले.

कागद बघणं अवघड नाही, मैत्रिणींनो. मोबाइलवर सरकारचं एम-परिवहन नावाचं ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर टाकला की गाडी कुठल्या प्रकारात नोंदली आहे, नोंदणी कधीपर्यंत चालू आहे, विमा आहे का, हे दिसतं. आम्ही नंबर टाकला. प्रकार : मोटार कॅरॅव्हॅन. म्हणजे राहायची गाडी. माळा, उतरंड, विंच यांचा कागदावर पत्ताच नाही. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. दाजींनी ती २०१९ ला वाढवली होती, तेव्हा गाडी अजून खोलीच होती. ती मुदत २०२४ ला संपलेली. विमाही संपलेला. आणि मालक हयात नाही.

त्याच सुमारास अक्कांच्या भाच्यानं आणखी एक पिल्लू सोडलं. म्हणाला, "मावशी, ही विंटेज गाडी आहे, पुण्यात शौकीन लोक पाच लाख देतील." दोन दिवस सगळ्या हवेत होतो. मग कळलं की २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचा नियम केला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली गाडी पाहिजे, धंद्याची नसलेली, आणि मूळ रूपात जपलेली. आपली हिरॉईन तीस वर्षांची, आणि मूळ रूपाचं म्हणाल तर अर्धी कापलेली. गाडी जुनी झाली म्हणजे विंटेज होत नाही. आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच." हसलो आणि उठून साताऱ्याची एसटी धरली.

आरटीओ कार्यालयात एका बाईसाहेबांनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला आमच्या शब्दांत सांगतो.

गाडीचा मालक वारला तर वारसांनी तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. त्याचा फॉर्म ३१ नंबरचा. एजंटानं आणलेले २९ आणि ३० हे जिवंत माणसानं जिवंत माणसाला विकायचे. मेलेल्या माणसाची सही त्यावर मारली तर ती खोटी सही, आणि गुन्हा सही मारणाऱ्याचा. म्हणजे एजंटाचा हात कोरा आणि अक्कांचा काळा. आमच्या घरात माणूस गेल्यावर पहिल्या तीस दिवसांत आरटीओ कुणाला आठवतो? पण एखादी शेजारीण त्या दिवसांत असेल, तर दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत तिच्या कानावर एवढं घाला.

दुसरं, गाडीचं रूप बदलणं. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्याच्या ५२ व्या कलमात लिहिलं आहे की आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी परवानगीशिवाय करता येत नाही. शिवाय राहायची गाडी म्हणून नोंदलेल्या गाडीवर भाडं घेऊन दुसऱ्या गाड्या वाहायच्या, हेही बसत नाही. बाईसाहेब म्हणाल्या, आता ही मालवाहू म्हणून नोंदवायची तर परवानगी, तपासणी, करातला फरक, आणि एवढं करून तीस वर्षांची गाडी पास होईलच असं नाही. आम्ही अक्कांकडं बघितलं. त्या खाली बघत होत्या. बाहेर आल्यावर एवढंच बोलल्या, "घाटात अडकलेल्यांना आणायचे हो ते."

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, जरा थांबून ऐका. समजा कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी दिली. एजंट ती दुसऱ्याला देणार, दुसरा तिसऱ्याला. फॉर्म कोराच फिरणार, नाव आरसीवर जुनंच राहणार. आणि गाडीनं कुणाला उडवलं, विमा नसला, तर भरपाई कुणाकडून? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या फेब्रुवारीत एका खटल्यात सांगितलं आहे की ज्याचं नाव नोंदीवर आहे तोच मालक धरायचा. त्या खटल्यातली गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, अशी पुढं गेली होती, पण नोंद पहिल्याच्या नावावर. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. तुमच्या घरातून स्कूटर गेली असेल, ट्रॅक्टर गेला असेल, पैसे मिळाले आणि विषय संपला असं वाटत असेल, तर आज घरी जाऊन ॲपवर तो नंबर टाकून बघा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं काम विकणाऱ्याचं आहे, घेणाऱ्यावर सोडून चालत नाही.

मग अक्कांपुढं काय राहिलं? गावातला भंगारवाला ६५,००० द्यायला तयार होता, कागद नको, काही नको. त्यालाही नाही म्हणालो. चासीचा नंबर आणि आरसी असं कुणाच्या हाती गेलं की तो नंबर चोरीच्या गाडीवरही बसू शकतो. सरकारनं २०२१ पासून गाड्या मोडीत काढायची नोंदणीकृत केंद्रं सुरू केली आहेत. तिथं गाडी जमा केली की प्रमाणपत्र मिळतं आणि आरटीओतली नोंद रद्द होते. चासी नंबरचा तुकडा ते कापून वेगळा ठेवतात, म्हणजे तो नंबर पुन्हा रस्त्यावर येत नाही. मालक वारला असेल तर वारसांनी कागद दाखवून गाडी देता येते. आधी गाडीवर थकलेलं चलान असेल तर ते भरावं लागतं. दाजींच्या गाडीवर एकच होतं, ५०० रुपयांचं, ते भरलं.

वारसांचे कागद म्हटल्यावर अक्कांचे दीर पुढं आले. "भावाची गाडी, माझ्याशिवाय विकता कशी?" हे ऐकून अक्का घाबरल्या. आमच्या तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या वकीलताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, हिंदू वारसा कायद्यात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क. ही माणसं असताना भावाचा हक्क येत नाही. म्हणजे चौघं : अक्का, मुलगा, मुलगी, आणि सासूबाई.

सासूबाईंकडं ना-हरकतीच्या कागदावर अंगठा घ्यायला गेलो. त्या पंचाहत्तरीच्या. कागद वाचून दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, "माझंपण नाव हाय का त्यात?" हाय म्हटलं. "लेकाच्या गाडीत माझा वाटा?" हो, चौथा. म्हातारी पदर तोंडाला लावून बसून राहिली. मग म्हणाली, "मंग मला माझा वाटा पायजे." अक्कांचा चेहरा पडला, खोटं कशाला सांगू. आम्हालाही वाटलं, आत्ताच कशाला. पण हक्क सांगायला आम्हीच गेलो होतो. सुनेला सांगायचा आणि सासूपासून लपवायचा, असं कसं करणार?

आता हिशोब ऐका, आमच्या गटाला हिशोबाशिवाय जेवण जात नाही. विंच साताऱ्याच्या एका गॅरेजवाल्यानं १४,००० ला घेतली. माळ्याच्या पट्ट्या आणि उतरंड एका ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणाऱ्यानं २२,००० ला नेली. या वस्तू आरसीवर कधी नव्हत्याच, त्या दाजींच्या कष्टाच्या, वेगळ्या विकल्या आणि प्रत्येकाची पावती केली. उरलेली गाडी केंद्रावर २,६०० किलो भरली, २२ रुपयांनी ५७,२०० झाले, तेही थेट बँक खात्यात. आरसा आणि बेसिन १,५०० ला गेले, कुणाला ते सांगतोच. एकूण ९४,७००. त्यातून गाडी केंद्रापर्यंत न्यायचे ५,००० आणि प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, एसटी, चलान मिळून २,२०० वजा केले. राहिले ८७,५००.

एजंट एक लाख देत होता. साडेबारा हजार कमी मिळाले. दीर अजून गावात सांगत फिरतात की गटाच्या बायकांनी वहिनीचं नुकसान केलं. साडेबारा हजार म्हणजे अक्कांच्या घरातला चार महिन्यांचा किराणा, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या बैठकीतही एकदोघी अजून तेच म्हणतात, आणि त्यांना गप्प करायला आमच्याकडं कुठलीही पावती नाही. झाला नाही त्या अपघाताची पावती कशी दाखवणार?

गटाचे २८,००० फिटले. राहिलेल्या ५९,५०० चे चार वाटे, प्रत्येकी १४,८७५. मुलगा आणि मुलगी यांनी आपले वाटे आईला दिले. सासूबाईंनी दिला नाही. पोस्टात स्वतःच्या नावानं खातं काढलं आणि पैसे तिथं ठेवले. पासबुक उशीखाली असतं म्हणे. अक्का आधी थोड्या नाराज होत्या. परवा सांगत होत्या, म्हातारी आता औषधाला पैसे मागत नाही, नातवाला पोस्टात पाठवते.

आणखी एक. मोडीत काढलेल्या गाडीचं जमा प्रमाणपत्र मिळतं ना, ते जपून ठेवा. त्यावर नवीन गाडी घेताना रस्ता करात सूट मिळते, खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि धंद्याच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. अक्कांच्या मुलाला गॅरेज पुन्हा चालू करायचं आहे. त्याच्या मनात गाड्या आणायची गाडी आहे, पण या वेळी मालवाहू म्हणून नोंदलेली, परवाना काढून. कर्जाचा अर्ज आमच्याकडं आला आहे. तो मंजूर झालेला नाही. आम्ही त्याला आधी कोटेशन आणि आरटीओची माहिती लेखी आणायला सांगितली आहे, आणि या वेळी इतिवृत्तात 'सुधारणा' असा मोघम शब्द लिहिणार नाही.

गाडी गेली तो दिवस सांगून थांबतो. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती न्यायला दुसरी मोठी टोइंगची गाडी आली. दोर लावला आणि हिरॉईन हळूहळू वर चढायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांना पाठीवर घेतलं, आज तीच दुसऱ्याच्या पाठीवर. टोइंगवाला पोरगा दाजींच्या ओळखीचा निघाला. त्यानं चढवायचे पैसे घेतले, पण आधी गाडीला हात लावून पाया पडला. अक्का लिंबाखाली उभ्या होत्या. रडल्या नाहीत. "पट्टे नीट आवळ रे, घाट आहे पुढं," एवढंच म्हणाल्या.

आणि तो दिव्यांचा आरसा आमच्या गटातल्या पार्लरवालीनं घेतला. चौदा दिव्यांपैकी नऊ लागतात. लग्नसराईत तिच्याकडं नवऱ्या त्या आरशापुढं बसतात, आणि ती प्रत्येकीला सांगते की यापुढं सिनेमातल्या बायका बसायच्या. कोणत्या बायका ते मात्र तिलाही माहीत नाही.

पुढच्या बुधवारी आपण वारस दाखला कुठं आणि कसा काढायचा ते बोलू, वकीलताई येणार आहेत. तुमचे प्रश्न गटाच्या बैठकीत लिहून ठेवा. नमस्कार.